डबा कुठला घेऊ? आधी सांग, डब्यात काय!

शनिवारी सकाळी सात वाजता पुणे-नगर रोडवर शिरूरच्या आसपास कुठल्याही चहाच्या टपरीपाशी पाच मिनिटं उभं राहा. हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्यांना गार्ड आणि बाइकच्या दोन्ही अंगांना चकाचक ॲल्युमिनियमचे डबे... अशी एक तरी स्वारी दिसणारच. सोमवार ते शुक्रवार हीच स्वारी खराडीत नाहीतर हिंजवडीत एसीखाली बसून एक्सेल शीट भरत असते. वीकेंडला मात्र थेट सायबेरिया! निदान बाइककडे बघून तरी तसंच वाटतं.

चेष्टा नाही करत हं. डबे दिसतातच सॉलिड. बाइक नुसती उभी असली तरी कुठूनतरी लांबून आल्यासारखी वाटते. १९८० साली बीएमडब्ल्यूने 'आर ८० जी/एस' आणली आणि रस्त्यावरही चालणारी, रस्ता संपल्यावरही चालणारी मोठी टूरिंग बाइक ही जातच जन्माला आली. २००४ साली इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन ब्रिटिश ॲक्टर डबे लावलेल्या बीएमडब्ल्यूवरून लंडन ते न्यू यॉर्क जगाला वळसा घालून गेले. 'लाँग वे राउंड' नावाने ते सगळं टीव्हीवर आलं आणि जगभरच्या ऑफिसांतल्या मंडळींना एकच रोग जडला. आपल्याकडे २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स, २०२० मध्ये चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, आणि २०२३ च्या शेवटी नवी हिमालयन ४५०. म्हणजे बाइक आवाक्यात आली. आता उरला एकच प्रश्न, आणि तो गेल्या महिन्याभरात मला चौघांनी विचारलाय... "बॉक्स कुठला घेऊ?"

चौथा होता माझा सख्खा दादा. सप्टेंबरात त्याला स्पितीला जायचंय. वहिनीला घेऊन. लग्नाला चार वर्षं झाली, दोघांच्या शिफ्ट उलट्या, सुट्ट्या जुळता जुळत नव्हत्या, त्या यंदा एकदाच्या जुळल्यात. त्यामुळे या ट्रिपकडे घरात सगळेच जरा वेगळ्या नजरेने बघतायत. दादाच्या मोबाइलवर तीन डब्यांचा सेट कार्टमध्ये तयार होता. दोन बाजूंना, एक मागे. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. म्हटलं, थांब. आधी मामाकडे जाऊ.

पॅनियर म्हणजे पनीर नव्हे

आमचा मामा संगमनेर तालुक्यातला. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. आमच्या घरात अजून 'नगरला जाऊन येते' हेच तोंडात येतं, सवय जायला वेळ लागेल.) मामाने ॲडव्हेंचर टूरिंगचा शब्दही ऐकलेला नाही. पण तीस वर्षं पहाटे साडेचारला उठून वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून ते डेअरीला पोचवलंय. आधी राजदूतवर, मग एम-८० वर आणि शेवटी स्प्लेंडरवर. पावसात, चिखलात, नांगरलेल्या शेताच्या बांधावरून. दोन्ही अंगांना कॅन लटकवून. मला सांगा, सामान लादून बाइक चालवण्याचा याहून मोठा अनुभव कुणाकडे आहे?

दादाने मोबाइलवरचा फोटो दाखवून कौतुकाने सांगितलं, "मामा, हे पॅनियर."

"पनीर?" मामा म्हणाला. "आरं मग दूध कुठंय?"

वहिनी हसून हसून लाल. पण पुढचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मामा म्हणाला, "डबा कुठला घ्यायचा ते मागनं. डब्यात काय न्यायचं ते आधी सांग. मोकळा डबा न्यायला का पैशे घालतो?"

मग त्याने अंगणात स्प्लेंडरपाशी नेऊन जे सांगितलं, ते कुठल्याही ब्रोशरमध्ये एवढं सोपं लिहिलेलं नसतं. एक, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. वाटेत एका कॅनमधलं दूध कमी केलं तर दुसरीतलंही करायचं, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. दोन, कॅन जितकी खाली आणि जितकी पुढे, तितकी बरी. तीन, अर्धवट भरलेली कॅन सगळ्यात वाईट. दूध आत हिंदकळतं आणि नेमकं वळणावर धक्का देतं. चार, कॅन काढली की कॅरिअर मोकळं दिसलं पाहिजे, म्हणजे कुठला नट ढिला झालाय ते कळतं. हे चार नियम लिहून ठेवा. दूध जाऊन स्लीपिंग बॅग आली, एवढाच काय तो फरक.

एक मात्र सांगते. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये नुसतं दूधच भरतं ४१ किलो. दोन कॅन म्हणजे ८२, वर कॅनचं वजन आणि मामा वेगळा. कुठल्याही कंपनीच्या हिशेबात हा ओव्हरलोडच. मामाची मागची शॉक ॲबसॉर्बरची जोडी किती वेळा बदलली ते त्यालाही आठवत नाही. म्हणजे मामाची अक्कल घ्या, वजन घेऊ नका!

बाय द वे, दुचाकीवर ओझं वाहायची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाहीच. १९७२ साली आलेली लूना नगरच्याच कायनेटिक इंजिनीअरिंगची. त्या चिमुकल्या मोपेडवरून भाजीच्या पाट्या, गॅसची टाकी, शाळेतली दोन पोरं, काय काय गेलं असेल! फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लूना इलेक्ट्रिक होऊन परत आली, तेव्हा कंपनीने तिची वजन वाहायची क्षमता ठळकपणे सांगितली... १५० किलो. किती सीसी, किती टॉर्क यापेक्षा किती किलो वाहते हा आकडा पुढे. आपण ॲडव्हेंचर बाइकवाले नेमका हाच आकडा कधी बघत नाही.

हिशेब मांडा, मग कार्ट भरा

तर आधी तो आकडा. बाइकच्या मॅन्युअलमध्ये दोन वजनं दिलेली असतात. एक कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट उभ्या गाडीचं वजन. हिमालयन ४५० चं ते १९६ किलो आहे. दुसरं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माणसं आणि सामान धरून गाडी जास्तीत जास्त किती वजनाची होऊ शकते तो आकडा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरलं ते तुमचं बजेट. पगारासारखंच, यातूनच सगळं भागवायचं!

समजा एखाद्या बाइकचं हे बजेट १८० किलो आहे. आता दादा-वहिनीचा हिशेब बघा. दादा ८२ किलो, जॅकेट-बूट-हेल्मेट ६ किलो. वहिनी ६० (तिच्या परवानगीने छापतेय), तिचा गिअर ५. झाले १५३. बाजूचे रॅक ५ किलो. ॲल्युमिनियमचे दोन रिकामे डबे, प्रत्येकी साधारण ५, म्हणजे १०. मागची प्लेट आणि टॉप बॉक्स ६. बेरीज १७४. शिल्लक किती? सहा किलो!

म्हणजे तीन भारीतले डबे लावून त्यात दोघांचं मिळून सहा किलो सामान. पंक्चर किट, पंप, हवा भरायचं मशीन आणि दोन रेनकोट टाकले की खेळ खल्लास. बाकी सगळं ओव्हरलोड. मग काय होतं? रातोरात काही होत नाही, तिथेच लोक फसतात. मागचा सस्पेन्शन बसतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि ज्या मागच्या सबफ्रेमवर हे सगळं लटकलंय तिला खड्ड्यागणिक हिसका बसत राहतो. आणि ती तडकली तर ती शिरूरला थोडीच तडकणार आहे? ती तडकणार काझाच्या अलीकडे, जिथे नेटवर्क नाही तिथे.

तेच दोघं कापडी सॅडलबॅग घेऊन निघाले तर? १५३, आधाराच्या पट्ट्या २, बॅगा ४, म्हणजे १५९. शिल्लक २१ किलो. फरक कळला ना? पंधरा किलोचा. पंधरा किलो म्हणजे दोघांचे थंडीचे कपडे, टूल किट आणि औषधं, सगळं आलं.

वहिनी हा हिशेब बघून शांतपणे म्हणाली, "म्हणजे डबे येणार असतील तर मी विमानाने येऊ का?" अंगणात एकदम सायलेन्स. दादाने मोबाइल खिशात ठेवला. मला वाटतं, डब्याची खरी किंमत त्याला तेव्हा कळली.

धातू, प्लास्टिक की कापड?

हिशेबात बसत असेल तर हार्ड बॉक्स जरूर घ्या. त्यांचे फायदे खरेच आहेत. कुलूप लागतं. हॉटेलच्या पार्किंगमध्ये किंवा भंडारदऱ्याला काजवे बघायच्या गर्दीत बाइक सोडून निर्धास्त फिरता येतं. पाऊस आत येत नाही. कॅमेरा, लॅपटॉप चेपत नाहीत. सोमवारी तोच डबा ऑफिसला नेता येतो. एकट्याने जाणार असाल, रस्ते डांबरी असतील आणि मुक्काम रोज छताखाली असेल, तर हार्ड बॉक्ससारखं सुख नाही.

आता प्रकार. प्लास्टिकचे डबे हलके आणि स्वस्त, आकारही सुबक. इटलीच्या 'गिवी'ने (ही कंपनी १९७८ मध्ये एका माजी मोटरसायकल रेसरने सुरू केली) अशा डब्यांवरच नाव कमावलं. शहर आणि हायवेसाठी झक्कास. दोष एकच, जोरात आपटले तर तडकतात, आणि तडकलेलं प्लास्टिक वाटेत जोडणं अवघड. आपल्या शेजारी नाशकात व्हीआयपी आणि सॅमसोनाइट दोघांचेही सूटकेसचे कारखाने आहेत. त्यामुळे कडक कवच म्हणजे काय हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. पण एक लक्षात घ्या, सूटकेस बेल्टवरून फिरते, बाइकचा डबा तासन् तास थरथरतो. कडीकोयंडा आणि माउंटिंग दोन्ही वेगळ्या ताकदीचं लागतं. घरातली जुनी सूटकेस क्लॅम्पने बसवायचा देशी जुगाड करू नका.

ॲल्युमिनियमचे डबे बहुधा दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे. जर्मन 'एसडब्ल्यू-मोटेक', 'हेप्को अँड बेकर', 'टूराटेक' ही यातली मोठी नावं. जमिनीवर आपटले तर फुटत नाहीत, पोचे पडतात. आणि पोचा काढायला लाकडाचा ठोकळा आणि हातोडी पुरते. अकोल्यात असो की राजूरला, पत्र्याचं काम करणारा कुणीतरी भेटतोच. मात्र कोपऱ्याचा जोड उकलला तर पंचाईत. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते नगरच्या एमआयडीसीत मिळेल, साम्रदला नाही. दुसरी गंमत म्हणजे, आतून कोटिंग नसलेला ॲल्युमिनियमचा डबा घासून घासून कपड्यांना काळा करतो. पांढरा टी-शर्ट डायरेक्ट आत टाकलात तर दोन दिवसांनी तो मेकॅनिकचा वाटेल. म्हणून आत घालायची लायनर बॅग हवीच. तिचा आणखी एक फायदा... मुक्कामाला डबा न काढता फक्त बॅग उचलून रूमवर जाता येतं.

तिसरा पर्याय कापडी सॅडलबॅगचा. बंगळूरची 'वायाटेरा', मुंबईची 'रायनॉक्स' अशा भारतीय कंपन्या यात छान काम करतात. हलक्या, पडल्यावर दबणाऱ्या, खिशाला परवडणाऱ्या. कुलूप नाही आणि रोज पट्ट्या आवळायचा कंटाळा, हे तोटे. आणि सायलेन्सरला टेकणार नाहीत ना हे दहा वेळा तपासा. जळक्या नायलॉनचा वास स्वेटरमधून जात नाही म्हणतात.

पैशाचं म्हणाल तर परदेशी ॲल्युमिनियमची जोडी रॅकसकट घेतली की आकडा एखाद्या सेकंडहँड स्प्लेंडरच्या घरात सहज जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या बाइकला ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिसा शोरूममध्येच हलका झालेला. तेव्हा भारतीय बनावटीचे डबेही जरूर बघा. फक्त बिजागरी, रबरी सील आणि कुलूप हाताने उघडून-लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. पत्रा सगळ्यांचाच चमकतो, फसवतात ते कडी-कोयंडे.

लिटरच्या मोहात पडू नका. ३७ लिटरचे दोन डबे म्हणजे ७४ लिटर, एखाद्या मोठ्या ट्रेकिंग सॅकपेक्षाही जास्त. डबा मोठा असला की तो भरला जातोच, हा निसर्गनियम आहे! बहुतेक कंपन्या बाजूच्या एका डब्याला साधारण दहा किलोच्या आसपास मर्यादा सांगतात. आकडा डब्याच्या आत स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. मोठा डबा घेतला म्हणून ती मर्यादा वाढत नाही.

आता जरा सिरियस

हा भाग हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी आमच्या ग्रुपमधला एक जण घाटघरकडे कच्च्या रस्त्यावर होता. वेग म्हणाल तर चालत जाणाऱ्या माणसाएवढा. पुढचं चाक चिखलात सरकलं, तोल सावरायला त्याने पाय खाली टेकवला. कुणीही हेच करेल. पाय जमिनीत रुतला, बाइक मात्र पुढे जात राहिली आणि मागून ॲल्युमिनियमचा डबा त्याच्या पोटरीवर आला. घोटा गेला. गाडीवर एक ओरखडा नाही. त्याला जीपमधून आधी राजूरला आणि मग संगमनेरला नेलं. प्लेट, स्क्रू, चार महिने घरी. तो आता बरा आहे, बाइकही चालवतो, पण कच्च्या रस्त्यावर पुन्हा कधी हार्ड बॉक्स लावले नाहीत.

ऑफ-रोड चालवणारे जाणकार हे वर्षानुवर्षं सांगतायत. कच्च्या रस्त्यावर पाय खाली येतोच. बाजूच्या कडक डब्याचं पुढचं टोक आणि तुमची पोटरी यांच्यात अंतर किती, हे दुकानात बघायची पहिली गोष्ट. बाइकवर बसा, पाय जमिनीवर टेकवून मागे सरकवा. पोटरी डब्याला लागते का? लागत असेल तर तो डबा डांबरासाठी. कापडी बॅगही लागते, पण ती दबते. पोटरीला दबायची सवय नसते.

आणि हो, कच्च्यावर पाय शक्यतो फूटपेगवर ठेवायचे आणि घोट्यावर येणारे बूट घालायचे. सँडलवर बाइक चालवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. डब्यांसकट बाइक जवळपास एक मीटर रुंद होऊ शकते. आपल्याला सवय असते की हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली. पण इथे हँडल निघतं आणि मागून डबा अडकतो. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात एकामागे एक दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. त्यांच्याशेजारून निघताना हा वीतभर फरक आठवा. डबे हँडलपेक्षा फार बाहेर नकोत, हा साधा नियम.

तिसरी गोष्ट टॉप बॉक्सची. सी-सॉ आठवतो ना? मागच्या चाकाचा आस म्हणजे त्याचा मधला खुंटा. टॉप बॉक्स त्याच्याही मागे लटकतो. दीड मीटर व्हीलबेसच्या बाइकवर आसाच्या ४० सेंटिमीटर मागे १० किलो ठेवले, तर मागच्या चाकावर येतात सुमारे १२.७ किलो आणि पुढच्या चाकावरून उचलले जातात २.७. उभ्या गाडीवर हे क्षुल्लक वाटतं. पण ओझं उंचावर असतं, त्यामुळे वेगात आणि आडव्या वाऱ्यात पुढचं हँडल हलकं होऊन डुलायला लागतं. म्हणूनच डब्यांवर वेगमर्यादेचा स्टिकर असतो. तो डेकोरेशनसाठी नसतो. टॉप बॉक्समध्ये हलकं आणि हाताशी लागणारं सामान... रेनकोट, कागदपत्रं, खाऊ. हत्यारं कधीच नाही. कॅमेराही नको, कारण सगळ्यात जास्त हादरे तिथेच बसतात.

रॅक, साडी गार्ड आणि साहेब

डब्यापेक्षा मी रॅककडे जास्त बघते. शक्यतो साध्या लोखंडी नळीचा घ्या. वजनाला थोडा जास्त, पण तुटला तर भारतातल्या कुठल्याही गावात वेल्डिंगवाला तो जोडून देतो. डावा आणि उजवा रॅक मागून एका आडव्या पट्टीने जोडलेला हवा, नाहीतर दोन्ही बाजू आपापल्या तालावर नाचतात. नट नायलॉकचे घ्या आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा. सायलेन्सरच्या बाजूचा डबा एकतर आतून कापलेला असतो किंवा जास्त बाहेर. तिकडचे लिटर कमी धरा.

इथे एक खास आपला देशी प्रॉब्लेम येतो, साडी गार्डचा. डावा रॅक बसवताना फिटर तो सर्रास काढून ठेवतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसायची सोय असलेल्या बाइकला हाताचा आधार, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं. मागच्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. वहिनीची ओढणी चाकात जाणं हा काही कायद्याचा मुद्दा नाही, जिवाचा आहे. म्हणून साडी गार्डसकट बसणारा रॅक मागा. २०२० मध्ये याच नियमांत दुचाकीवरच्या हलक्या कंटेनरबद्दलही तरतूद आली. त्यानुसार डबा मागच्या सीटच्या जागी बसवला, तर त्या बाइकवर दुसरं माणूस बसवता येत नाही. शिवाय नंबर प्लेट, टेललाइट आणि इंडिकेटर डब्यामागे झाकले जाता कामा नयेत. तेवढी काळजी घेतली तर नाक्यावरच्या साहेबांशी गप्पा फक्त "कुठून आलात" इथवरच राहतात.

आपला जिल्हा, आपला टेस्ट ट्रॅक

नगरमध्ये डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, लष्कराच्या वाहनांवर काम करणारी. तिथल्या ट्रॅकवर आपल्याला कोण सोडणार? पण १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा हाच मुळात टेस्ट ट्रॅक आहे! लडाख-स्पितीच्या आधी एक वीकेंड इथे घालवा, सगळं सामान भरून.

पाऊस तपासायचाय? जुलैमध्ये अकोले तालुक्यात जा. भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर. कळसूबाईच्या या पट्ट्यात पाऊस आडवा येतो. डब्यात वर्तमानपत्राचा कागद टाकून ठेवा. संध्याकाळी ओला निघाला तर सील बदला. धूळ तपासायचीय? उन्हाळ्यात कर्जत, जामखेड, पाथर्डीकडचे कच्चे रस्ते धरा. जिथून धूळ आत येते तिथून पाणीही येणारच. वळणांसाठी पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट आणि संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट. भरलेली गाडी वळणात कशी वागते, ब्रेक किती आधी लावावा लागतो, हे तिथे कळतं. मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. हॉर्न, हाय बीम आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर घरी ठेवून जा.

निघायच्या आधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड वाढवा, टायरमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेली लोडची हवा भरा आणि हेडलाइट खाली करा. आणि घरून निघताना गाडी वजनकाट्यावर घाला. हो, खरंच! भुसार मालाचे ट्रक मोजतात त्याच काट्यावर. काटेवाला हसेल, हसू द्या. काटा मोठ्या गाड्यांचा असल्यामुळे पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवेल, पण आपण कुठे आहोत ते कळतं.

मग दादाने काय घेतलं?

कार्टमधला तीन डब्यांचा सेट काढून टाकला. बाजूंना कापडी सॅडलबॅग आणि मागे छोटा, कुलपाचा एकच टॉप बॉक्स, असं ठरलं. वहिनीने सामानाची यादी स्वतः केली आणि दादाचा ड्रोन त्यातून पहिल्याच फेरीत बाद झाला. भरलेल्या गाडीवर दोघं गेल्या रविवारी करंजी घाट करून आली. गाडी वजनाच्या बजेटात, वहिनी मागच्या सीटवर.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. तुम्ही एकटे असाल, हायवेवाले असाल, तर ॲल्युमिनियमचे डबे खुशाल घ्या आणि मस्तपैकी मिरवा. फक्त बटण दाबायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहा. किती माणसं, कुठला रस्ता, काय न्यायचंय आणि किती किलो शिल्लक. दुकानदार पाचवी ओळ सांगेल, रंग कुठला. तिचं उत्तर सगळ्यात शेवटी द्या.